तायडे बाईंवरचा आळ

मी माझ्या पोरीला फसवलं, आणि तिच्या दुसरीच्या बाईंवर खोटा आळ घेऊन त्यांना गावातून घालवलं. दोन्ही मीच केलं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी बैलांचा दलाल आहे. वडनेर भोलजीच्या अलीकडे आमचं गाव. बाप लोकांची ढोरं राखायचा. शाळेत गुरुजी मला नावानं हाक मारतच नसत, 'ढोराक्या' म्हणायचे, आणि वर्ग हसायचा. चौथीत पाटी फेकून निघून आलो. पुढं जे काही झालो ते स्वतःच्या डोळ्यांवर. बैल शंभर पावलांवर असला तरी त्याचा कोणता खूर दुखतो ते मला कळतं. बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो. तिथं मी भल्याभल्यांना गार केलंय. शिक्षक म्हटलं की मात्र आजही माझं डोकं सटकतं.

तर मग सांगा — ज्याला ढोराची चाल कळते, त्याला पोटच्या पोरीची कळणार नाही?

कळली होती. प्रणाली चार वर्षांची असतानाच कळली होती. सपाट अंगणात पडायची. घरचा रोजचा उंबरठा, पण रोज अडखळायची. वाटी तोंडाशी नेईपर्यंत अर्धं वरण फ्रॉकवर. एका बटणाशी इतकी झटायची की घामाघूम व्हायची. आणि बोलायला? बोलायला अशी चुणचुणीत की म्हातारे थांबून ऐकायचे. डोकं तेज, हातपाय मात्र तिचं ऐकायचे नाहीत. त्याला नाव काय ते मला माहीत नव्हतं. पण काहीतरी आहे, हे माहीत होतं.

आमच्या धंद्यात लंगडणारा बैल विकायचा तर त्याला टणक रस्त्यावर चालवत नाहीत. नांगरलेल्या भुसभुशीत रानात चालवतात. तिथं सगळेच बैल डुलत चालतात, खोड दिसत नाही. पोरीच्या बाबतीत मी तेच केलं. लग्नात, जत्रेत, पाहुण्यांत तिला खांद्यावरून खाली उतरू दिलं नाही. घास मी भरवायचो, बटणं मी लावायचो. लोक म्हणायचे, "जगनभाऊ, लेकीचे लाड करावे तं तुम्हीच!" मी हसायचो. लाड होते का ते? थोडे असतीलही. पण पोरीत खोड आहे असं एकदा गावात बोललं गेलं की पुढं स्थळ येत नाही — मनात तेच होतं.

शाळेत खांदा चालत नाही.

दुसरीला तायडे बाई आल्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी मला बोलावलं. व्हरांड्यात उभं राहून तिची वही दाखवली. अक्षरं ओळ सोडून भलतीकडे गेलेली, पेन्सिलीच्या जोरानं कागद फाटलेला.

"भाऊ, पोरगी आळशी नाही," त्या म्हणाल्या. "तोंडी विचारलं की पहिलं उत्तर तिचंच. पण एका पायावर उभं राहता येत नाही, चेंडू झेलता येत नाही. पट्टी धरली की कागद सरकते. मी दोन महिने पाहून राह्यली. हे चिठ्ठी घ्या, अकोल्याले डॉक्टरले एकदा दाखवून आणा. तिथं खेळातून शिकवतात. लहान हाय तोवर लय फरक पडते."

"माही पोरगी लंगडी हाय म्हणता का?"

"लंगडी कोण म्हणलं?"

"मंग हे चिठ्ठी कायची देता?"

रस्त्यानं बाया पाण्याला चालल्या होत्या. हंडे कमरेवर घेऊन थांबल्या आणि ऐकायला लागल्या. मी चिठ्ठीचे तुकडे करून बाईंच्या पायाशी टाकले.

तरी त्यांनी सोडलं नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास प्रणालीला थांबवून घ्यायच्या. चिंध्यांचा चेंडू, विटांवरून चालणं, मोठे मणी ओवणं. पोरगी घरी येऊन दारातूनच ओरडून सांगायची, "बाबा, आज तीनदा झेलला!" आणि मला काय ऐकू यायचं? गाव विचारतंय, जगनची पोरगी रोज मागे काऊन थांबते?

एका संध्याकाळी मी तिला समोर बसवलं. गुडघ्यांवर, कोपरांवर नेहमीसारखे काळेनिळे डाग होते. पडल्याचे. मी एका डागावर बोट ठेवून विचारलं, "हे कोणं केलं?"

"पडली मी."

"नाही. बाईनं केलं."

पुन्हा विचारलं. पुन्हा. बाजारात खोटं गिऱ्हाईक उभं करतात, त्याला काय बोलायचं ते पढवून ठेवतात — मला ते काम चांगलं जमतं. पाचव्यांदा ती म्हणाली, "बाईनं." मी तिला पेढा दिला.

हो — पेढा दिला.

शाळा समितीच्या बैठकीत आठ माणसं होती. मी पोरीचे गुडघे उघडे करून दाखवले. हेडसरांनी विचारलं, "बाईनं मारलं काय बेटा?" तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाव." बाई बोलत होत्या, समजावत होत्या, पण डाग सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते आणि मी बाजारात ओरडतो तसा ओरडत होतो. शेवटी पोरीला बाहेर जायला सांगितलं. तेव्हा बाई बोलायच्या थांबल्या आणि तिला म्हणाल्या, "हळू जाजो व बेटा, तिथं पायरी हाय."

बाईंची चौकशी लागली. मग बदली झाली, घाटावर, थेट लोणारकडे.

मला त्या आठ जणांचा राग येतो, अजून येतो. बैल घेताना चारदा दात मोजणारी, पाठीवरून हात फिरवणारी ही माणसं. त्यातल्या एकानंही पोरीला म्हटलं नाही, बेटा, जरा चालून दाखव. पण त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली कुणी?

बाईंच्या जागी आलेले सर तिला गबाळी म्हणायचे, अक्षरासाठी वर्गाबाहेर उभं करायचे. घरी मी होतोच. नीट लिही म्हणून मी तिच्या बोटांवर पट्टी मारली. कितीदा, ते विचारू नका. दहावीचे पेपर अर्धे कोरे गेले. "येत होतं सारं, बाबा. हात पुरला नाही." दोनदा बसली, दोनदा नापास झाली. मग घरीच राहिली. आता एकोणीस वर्षांची आहे.

पंधरा दिवसांपूर्वी तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. कुणी डॉक्टरीण सांगत होत्या — काही लेकरांना सगळं समजतं, पण बटण लावणं, उडी मारणं, लिहिणं हातापायांना साधत नाही. ती आळशी नसतात, ती ओळखावी लागतात.

"बाबा, हे मी हाय ना?" ती म्हणाली. "तुमाले माहीत होतं?"

"मले काय कळते त्यातलं," मी म्हणालो.

तिनं मोबाईल उलटा ठेवला. मग म्हणाली, "तायडे बाईले कळलं होतं. अन् मी त्यांच्यावर खोटं बोलली. काऊन बोलली असन मी? त्या तं मले कधी मारत नव्हत्या."

तिला ती संध्याकाळ आठवत नाही. बैठक आठवते, स्वतःचं 'हाव' आठवतं, पण मी आठवत नाही. बारा वर्षं ती माझं पाप स्वतःचं समजून बाळगते आहे. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं ना? नाही उघडलं. बाई आता मेहकरला राहतात, हे तिनं कुठून तरी शोधून काढलं. उद्या एकटीच बसनं जाणार आहे, त्यांची माफी मागायला. मला म्हणाली, "येता का संगं?" मी म्हणालो, बाजार आहे. रविवारी आमच्याकडे कुठलाच बाजार नसतो.

आत्ता ती आत बसून, काय बोलायचं ते कागदावर लिहिते आहे. आयत्या वेळी रडू येईल म्हणून. एक ओळ लिहायला तिच्या हाताला किती वेळ लागतो, ते मला माहीत आहे. सकाळपासून लिहिते आहे.

मला माफी नको, आणि ती मागायचं माझं तोंडही नाही. पण बाई, त्या कागदावरचं एक अक्षरही खरं धरू नका. तिला दारात उभं ठेवून काही विचारू नका. मला बोलवा. त्या आठ जणांना बोलवा, हेडसरांना बोलवा, मला मधे उभं करा. सात वर्षांच्या पोरीला खोटं बोलायला कुणी शिकवलं, ते सगळ्यांसमोर मला विचारा, आणि उत्तर दिल्याशिवाय मला तिथून हलू देऊ नका.