साडूंचा 'रिकामा सिलेंडर'

उभ्या मराठवाड्यात आमच्या साडूंइतका बंडखोर माणूस सापडायचा नाही, असं खुद्द आमच्या साडूंचं मत आहे. वय चाळिशीपार, नोकरी वाळूजच्या एका कंपनीत, घर पुंडलिकनगरात आणि डोक्यावर पोपटी केस. कामावर जाताना त्या बंडखोरीवर टोपी असते. त्यांचा पॉप-पंकचा बँड आहे. पॉप-पंक म्हणजे गिटार जोरात, ड्रम त्याहून जोरात आणि प्रेमभंग झालेल्या पोरानं गल्लीत घातलेला धिंगाणा, एवढं मला कळलं. साडूंचा संसार सुखाचा आहे. प्रेमभंग कुठून पैदा केला देव जाणे.

बँडचं नाव 'रिकामा सिलेंडर'. चौघांनी स्टुडिओत खपून अल्बम केला, त्याचंही नाव 'रिकामा सिलेंडर'. दुसरं नाव सुचेना का, असं मी विचारलं, तर माझी कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "भाऊ, पहिल्या अल्बमला बँडचंच नाव देतेत. आम्ही कोण ते लोकायला कळाया पायजे." लोकांना ते केव्हाच कळलं होतं. अल्बममधलं मुख्य गाणं 'मी कुणाचं ऐकत नाय'. ते घोकताना मेहुणीनं दळणाची आठवण करून दिली, की साडू गिटार ठेवून मुकाट्यानं डबा उचलतात.

प्रकाशनासाठी मंगल कार्यालय दुपारपुरतं मिळालं. ड्रमवाला दुसऱ्या दिवशी नोकरीसाठी कायमचा पुण्याला निघाला होता, म्हणजे चौघांना एकत्र वाजवायला तेवढीच दुपार. हे ठाऊक असून आमच्या या शहाण्या साडूंनी काय करावं? सत्कार काढले. मामा रुसतील म्हणून मामांना शाल-श्रीफळ, मामांना दिलं म्हणून आत्याच्या यजमानांना, मग कॉलनीच्या अध्यक्षांना. प्रत्येक जण दोन शब्द बोलायला उठला आणि बसायचं विसरला. मामांनी तर साडूंच्या जावळापासून सुरुवात केली. गिटारी गळ्यात अडकवून बँडवाले हातात नारळ घेऊन उभे! आवरा आता, असं मी कानात सांगितलं.

"थोरले काका राह्यले ना भाऊ. लई वाईट दिसंल."

काकांचं उरकेपर्यंत संध्याकाळच्या हळदीची मंडळी दारात येऊन थांबली. मॅनेजर म्हणाला, एकच गाणं. साडूंनी अर्थातच 'ऐकत नाय' सुरू केलं. मामांनी नवी शाल कानांवरून घेतली. गाणं अर्ध्यात आलं आणि मॅनेजरनं स्टेजची लाइट बंद केली. गिटारी मुक्या झाल्या, माइक गेला. पण ड्रमला कुठं लाइट लागते? ड्रमवाला थांबला नाही, म्हणून साडूही थांबले नाहीत. नरड्याच्या शिरा ताणून, पार बेसूर, त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत नेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खरंच कुणाचं ऐकलं नाही.

आता केसांचा पोपटी रंग उतरून खालचे पांढरे दिसायला लागलेत. परवा दोन्ही कुटुंबं वेरूळला दर्शनाला निघालो. गाडीत मी तो अल्बम लावला. साडू म्हणाले, "राहू द्या भाऊ, मंडळी झोपलीत." मी आवाज कमी केला, बंद केला नाही. ते गाणं मला आजही आवडत नाही, पण त्या चौघांना एकदा पोटभर वाजवायला मिळायला हवं होतं, असं फार वाटलं. साडू खिडकीबाहेर बघत मांडीवर बोटं आपटत होते. ठेका त्यांच्या गिटारीचा नव्हता, ड्रमचा होता.