तळघरातली खंडेनवमी

मला सातवा महिना होता आणि सासूबाई बाळंतपणासाठी सांगलीहून आल्या होत्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहत होतो आणि नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. या माणसाला पुण्यात झुरळ मारवत नव्हतं, पण इथे आल्यावर शेजारच्या रिटायर्ड म्हाताऱ्याने त्याला नेमबाजीचा नाद लावला. दर शनिवारी दोघं रेंजवर जायचे. पुढे वापरलेली काडतुसं घरीच पुन्हा भरायची टूम निघाली आणि बेसमेंटमध्ये एक टेबल आलं. त्यावर दांडा ओढायचं लोखंडी यंत्र, पावडर मोजून टाकायचं उभं नळकांडं आणि प्रायमरचा ट्रे. प्रायमर म्हणजे मसुराच्या डाळीएवढ्या धातूच्या टोप्या. ठोका बसला की त्यातून ठिणगी उडते आणि काडतुसातली पावडर पेटते. हे सगळं मला नवऱ्याने कौतुकाने समजावून सांगितलं होतं, आणि तरी मी गप्प बसले होते.

खंडेनवमीला सासूबाईंनी सकाळीच विळी, मिक्सर, पान्यांची पेटी, गॅरेजमधली गाडी, एवढंच काय माझा टाइपरायटरही हळदकुंकू लावून पुजला. मग त्यांची नजर बेसमेंटच्या दाराकडे गेली.

"खाली त्याचं ते यंत्र आहे ना? आणि त्या टेबलाखाली बंदूक. खरं हत्यार घरात असून त्यालाच फूल नाही, असं कसं?"

नवरा ऑफिसला गेलेला. मी नको म्हणायला हवं होतं. पण सणाच्या दिवशी सासूला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर वाद घालायचा कंटाळाही आला होता. मी ताट घेऊन त्यांच्या मागून खाली उतरले. पूजा म्हणून दोघींनी चपला वरच काढल्या.

त्यांनी यंत्राला गंध लावलं. थंडीने झेंडू केव्हाच करपले होते, म्हणून सुपरमार्केटातली शेवंती वाहिली. मग पेटतं निरांजन हातात घेऊन त्या ओवाळायला लागल्या. दुसऱ्या फेरीला त्यांच्या स्वेटरची बाही नळकांड्यात अडकली आणि ते आडवं झालं. नवऱ्याने काम संपल्यावर ते रिकामं करून ठेवायचं असतं. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला शंभरदा बजावलं होतं, आणि आमच्या इंजिनिअरने ते काठोकाठ भरून सोडलं होतं. पावडरच्या करड्या बारीक चकत्यांची धार टेबलावरून सासूबाईंच्या पायांवर, साडीच्या काठावर, फरशीवर सांडली. पाठोपाठ ट्रे कलंडला आणि टोप्या टणटण करत चहूकडे पांगल्या.

एकही फुटली नाही. सासूबाई अनवाणी, रेशमी साडीत, त्या सगळ्याच्या मधोमध उभ्या होत्या आणि हातात ज्योत होती.

"आई, हलू नका. फुंका तो दिवा, आधी फुंका!"

"फुंकर नाही घालायची गं दिव्यावर," त्या म्हणाल्या.

आणि मी पळाले. अवघडलेलं पोट घेऊन, कठडा धरून, जिना चढून वर. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाठीवर आग येणार असंच वाटत होतं. स्वयंपाकघरात पोचल्यावर भिंतीवरचा फोन दिसला म्हणून मी शेजारी फोन केला. फोन करायचा म्हणून मी वर आले नव्हते.

म्हाताऱ्याने एकच विचारलं, काही पेटतंय का? मी म्हटलं, हो, माझ्या सासूच्या हातात दिवा आहे. मग तो म्हणाला, तिला विझवायला सांग, पण टाकू देऊ नकोस.

मी बेसमेंटच्या दारापर्यंत गेले. पायऱ्या उतरायचं धाडस काही होईना. तिथूनच ओरडले, "आई, दिवा!"

"कधीच मालवला," खालून आवाज आला. "तुपात वात बुडवली. तू येऊ नकोस. मी हलले नाहीये."

म्हातारा येईपर्यंत काहीतरी करावं म्हणून मी कपाटातून व्हॅक्यूम क्लीनर ओढून काढला. दारातून आत येताच तो माझ्यावर खेकसला, "नो! मोटरची एक ठिणगी पुरे आहे." प्लग लांबच राहू दे म्हणाला. मला वरच्या पायरीवर बसवून त्याने खाली पाय ठेवू नकोस असं बजावलं. त्या धुळीत शिसं असतं, आणि तुझ्या पोटात बाळ आहे.

पाण्याच्या हीटरमध्ये सतत जळणारी छोटी ज्योत असते, तिचा गॅस त्याने आधी बंद केला. मग गुडघ्यांवर बसून, पुढे हात टाकायच्या आधी फरशी नीट न्याहाळत, एकेक टोपी चिमटीने उचलून एका डबीत ठेवली. रंगाच्या मऊ ब्रशने पावडर पुठ्ठ्यावर लोटली, ती वेगळ्या डब्यात. दोन्ही एकत्र होऊ दिलं नाही. सासूबाईंपर्यंत वाट करायला त्याला अर्धा तास लागला असेल. तेवढा वेळ त्या विझलेलं निरांजन धरून उभ्या होत्या. मी वरून त्याचं बोलणं मराठीत सांगत होते. त्याने त्यांच्या साडीच्या निऱ्याही पुठ्ठ्यावर हलकेच झाडल्या. एरवी परक्या पुरुषाने पदराला हात लावलेला त्यांना चालला नसता.

मोकळ्या झाल्यावर त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. "एवढी सांडली. सूप असतं तर पाखडून परत भरली असती."

मी सांगितलं तर तो हसला नाही. सांडलेलं कधी परत भरायचं नाही, म्हणाला, त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. मिसळलं होतं कुंकू, अक्षता आणि शेवंतीच्या पाकळ्या. ते सगळं त्याने मागच्या अंगणात, घरापासून लांब, गवतावर पातळ पसरून टाकलं. टोप्यांची डबी स्वतःच्या घरी नेली. सासूबाईंना साबणाने हातपाय धुवायला लावले आणि साडी वेगळी धुवा म्हणाला. संध्याकाळी त्याने नवऱ्याला अंगणात बोलावून जे सुनावलं ते मी खिडकीतून ऐकलं, आणि मला बरं वाटलं.

जेवताना नवऱ्याने विचारलं, "तेव्हा तू कुठे होतीस?"

सासूबाई भात कालवत म्हणाल्या, "ती फोन करायला वर गेली. दिव्याचं मी बघितलं. तू तुझं टेबल हलव आधी."

नंतर भांडी आवरताना आम्ही दोघीच होतो. वात बुडवताना त्यांच्या हाताच्या अंगठ्याला फोड आला होता. मी त्यावर मलम लावायला घेतलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "पळालीस ते बरं केलंस. पोटातला जीव आधी. तुझ्या जागी मीही पळाले असते."

मी मान हलवली. एवढी वर्षं झाली, त्याही गेल्या, पण खरं काय ते मी त्यांना सांगितलं नाही. जिना चढताना मला पोटातलं मूल आठवलंच नव्हतं. स्वयंपाकघरात पोचल्यावर त्याने आतून लाथ मारली, तेव्हा आठवलं.