कॅबिनेटला गुंडाळलेली गोधडी

मागच्या महिन्यात एका रविवारी उल्हासनगरला कॅबिनेट घ्यायला गेलो होतो. म्हणजे कपड्यांचं नाही... कम्प्युटरचे सगळे पार्ट ज्यात बसवतात, तो डबा. सोबत वैशाली वहिनी होत्या, बदलापूर गावातल्या माझ्या मित्राची, सुनीलची बायको.

सुनील लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून तो अंथरुणावर आहे. बोलता येत नाही, नीट गिळता येत नाही... लाळ घशात अडकली तर लगेच कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर श्वास कोंडतो.

आता एडिटिंग वहिनी करतात. त्याच्याच कम्प्युटरवर, त्याच खोलीत, त्याच्या खाटेकडे पाठ करून. घर त्यावरच चालतं.

त्या बघून बघून शिकल्या, याचं मला कौतुक आहे, कारण मीही तसाच शिकलो. कुठल्या क्लासची पायरी चढलो नाही, पण अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत मी जोडलेलं कुठलंही मशीन उघडून बघा, एक वायर वेडीवाकडी गेलेली दिसणार नाही. हे मी स्वतःच सांगतोय, पण खरं आहे ते.

तर वहिनींचं मशीन कामाच्या मध्येच बंद पडायला लागलं. तेही व्हिडिओ तयार होत आला की, म्हणजे ताण सगळ्यात जास्त असतो तेव्हा. गरम होतंय, हे मी फोनवरच ओळखलं होतं.

त्यांच्या घरी जाऊन बघतो तर काय... टेबलाखालच्या कॅबिनेटला चहूबाजूंनी गोधडी गुंडाळलेली. वरून सुतळीने बांधलेली सुद्धा.

गोधडी सोडून कॅबिनेट उघडलं तर पंख्यात सुताचे धागे अडकलेले, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी पेस्ट खडूसारखी कोरडी. माझं डोकंच फिरलं. यंत्राला थंडी वाजत नाही वहिनी, त्याला श्वास घेऊ द्या, असं बरंच काही बोललो.

 वहिनींनी गोधडीची घडी घातली आणि त्या चहा टाकायला गेल्या. त्यांच्या इअरफोनचा एकच बोळा कानात होता, दुसरा गळ्याशी लोंबत होता... त्यावरही मी टोमणा मारला की बिघडला असेल तर सांगा, नवीन आणून देतो.

जुन्या डब्यात हवा खेळायला जागाच नव्हती, म्हणून नवीन घ्यायला उल्हासनगरला गेलो. तिथला दुकानदार सिंधी, माझ्या जुन्या ओळखीचा. गिऱ्हाईक कोणीही असो, त्याच्यासाठी ते ‘साईं’च. त्याने लगेच समोरून काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट पुढे केलं आणि म्हणाला, "साईं, ये ले जाओ, घर में शादी का मंडप लगेगा."

मी त्याला म्हटलं, मंडपात हवा कुठून शिरणार? समोर काच म्हणजे पंख्याच्या तोंडावर उशी दाबल्यासारखं. मला समोरून जाळी पाहिजे, धूळ अडवणारा फिल्टर हाताने काढून धुता आला पाहिजे आणि ग्राफिक्स कार्डच्या पुढे चार बोटं तरी जागा उरली पाहिजे.

टेप काढून मी आतून सगळं मोजलं. शेवटी एक मध्यम आकाराचं पसंत केलं, पंखे लहान पण जोरकस. दुकानदाराने चालू करून दाखवलं, समोर हात धरला तर हवा थेट कोपरापर्यंत लागत होती... मी एकदम खूश.

वहिनी वाकल्या. हवेपुढे हात नाही धरला त्यांनी, कॅबिनेटला कान लावला.

"भाऊजी, घरी पण एवढाच आवाज करेल?"

मी म्हटलं, हवा खेचायची म्हणजे आवाज आलाच. चार दिवसांत सवय होईल.

"सवय होऊन नाही चालणार. ह्यांचा घसा वाजला की मला ऐकू यायला पाहिजे."

मग खाली बघत म्हणाल्या, "म्हणूनच बांधली होती गोधडी."

टेप माझ्या हातात तशीच राहिली. मी घरात जाऊन सगळं तपासलं होतं, धूळ, धागे, पेस्ट... आणि मागच्या खाटेवर माझा मित्र पडून होता.

दुकानदाराने न सांगता बटण बंद केलं. दुसरं मोठं खोकं ओढत आणलं आणि एरवी त्याच्या तोंडी नसलेल्या हळू आवाजात म्हणाला, "भाभी, बडा लो. बडा पंखा आराम से घूमता है."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. मोठा पंखा सावकाश फिरूनही तेवढीच हवा देतो, फक्त त्याला डबाही तसाच ऐसपैस लागतो. पण मी उष्णतेचा हिशोब केला, आवाजाचा विचारच केला नाही.

मोठंच घेतलं. रिक्षात ते आमच्या दोघांच्या मांडीवर होतं. 

संध्याकाळपर्यंत सगळं जोडलं. पंख्यांचा वेग एकेक करून कमी केला आणि एक मोठा व्हिडिओ तयार करायला लावला. तापमान जागच्या जागी राहिलं... छताचा पंखाही बंद करून पाहिला, मशीनचा आवाज जवळजवळ नाहीच.

मी वहिनींना फिल्टर कसा धुवायचा ते समजावत होतो. माझं वाक्य अर्धंच झालं होतं, तेवढ्यात त्या उठल्या, खाटेपाशी गेल्या आणि सुनीलला कुशीवर वळवून त्याचं तोंड पुसलं. पंख्याचं बेअरिंग बिघडलं तर मी दाराबाहेरून नुसतं ऐकून सांगतो... पण मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

सुनील बरा होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. आम्हीही आता विचारत नाही.

वहिनी परत येऊन खुर्चीत बसल्या, "चालेल हे, भाऊजी" म्हणाल्या आणि राहिलेलं काम पुढे करायला घेतलं. मी तसाच थोडा वेळ सुनीलच्या पायाशी बसून राहिलो.

हल्ली कोणी कम्प्युटर जोडून मागितला की बजेटच्या आधी मी विचारतो... ज्या खोलीत ठेवणार, तिथे अजून कोण असतं?