बांध फोडणाऱ्याचा हात

भागोजी ओव्हाळला सरकारनं शौर्यपदक दिलं ते बांध फोडला म्हणून. आमच्या गावात बांध फोडणाऱ्याला पदक देत नाहीत, बांधावर चढू देत नाहीत. या दोहोंच्या मधे त्याचं आयुष्य निघून गेलं.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीवर. पलीकडं चौलला नारळी-पोफळी, देवळं, सुट्टीतले पाहुणे. आमच्याकडं चिखल. खाडी आणि भातशेती यांच्या मधे मातीचा बांध आहे, तो उभा तोवर आम्ही जेवतो. अवसे-पुनवेच्या उधाणाला तो कुठं ना कुठं फुटतो. फुटलेल्या जागेला आम्ही खांड म्हणतो; बांध फुटला की खांड गेली. खांडीतून खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तिथं गवतही धड उगवत नाही. म्हणून हाक पडली की घरटी एक माणूस बांधावर जायचं, ओहोटी आहे तोवर खांड भरायची. याला जोळ म्हणतात. ज्या घरचं माणूस आलं नाही, त्याचं शेत बांधाच्या आत असलं तरी बाहेर धरायचं, त्याची खांड कोणी भरायची नाही.

जोळाचा आणखी एक नियम. ज्या हातानं कधी बांध फोडला, त्या हातचं ढेकूळ खांडीत घालायचं नाही, ते टिकत नाही. ही शिक्षा नव्हे. कुजका बांबू जसा कोणी खांडीत ठोकत नाही, तसंच हे. आता हे कोणी पारखून बघितलं होतं, असं विचाराल तर नाही. पारखायला जाणार कोण? पोटाचा प्रश्न.

भागोजीचा बाप भिकू ओव्हाळ हा खांड भरण्यात वस्ताद. कंबरभर चिखलात उभा राहून पाण्याची धार बघायचा आणि नेमक्या जागी पहिला खुंट ठोकायचा. पोरगं त्याच्या मागं ढेकळं देत देत मोठं झालं. मिसरूड फुटलं तसं पायदळात गेलं. आमच्या बौद्धवाडीत फौजेत जाणं नवं नव्हतं. घरात भात होतं ते खाणाऱ्या तोंडांना पुरत नव्हतं, आणि फौजेत पगार होता, बूट होते.

एकाहत्तरच्या लढाईत त्याची पलटण पूर्वेकडं होती. बंगालचा दक्षिण भाग, तिथंही खाड्या, तिथंही मातीचे बांध, बांधाच्या आत भात. भागोजी सांगायचा, "पयल्यांदा बगितलं तवा वाटलं, गाडी चुकली आनि घरीच उतरलो." खाडीच्या अलीकडं याच्या पलटणीची माणसं दबून बसलेली. पलीकडं बांधाच्या आत, भातात, शत्रूनं खंदक खणलेले आणि मशीनगन लावलेली. पुढं सरकायची सोय नाही. जो सरकला तो पडला. दुपारपर्यंत ओळखीची पाच-सहा माणसं पडली. पुनव नुकतीच झालेली. भागोजीनं खाडीचं पाणी चढताना बघितलं आणि सुभेदाराला सांगितलं, साहेब, ह्यो बांध वरच्या अंगाला फोडला तर पानी सरल त्यांच्या खंदकात जाईल.

सुभेदार राजस्थानचा. त्याला समुद्राचं पाणी चढतं-उतरतं हेच नवल. पण दुसरं काही सुचत नव्हतं. अंधार पडल्यावर भागोजी आणि आणखी दोघं फावडी घेऊन खाडीपलीकडं पोटावर सरकत गेले. ते दोघं वाटेत गेले. एकाचं नाव त्याला शेवटपर्यंत येत होतं, दुसऱ्याचं आठवत नव्हतं, आणि त्याचा त्याला राग यायचा. हा एकटा चिखलात आडवा पडून खणत राहिला. दंडात एक गोळी लागली. पाणी एकदा आत शिरलं की पुढचं काम पाणीच करतं. उजाडेपर्यंत खंदक भरले, मशीनगन बुडाली, माणसं हात वर करून बाहेर आली. पलटण पुढं गेली.

याबद्दल पदक. गावात सत्कार झाला. विहारासमोर मांडव, कर्णा, अलिबागहून आणलेले हार. पुढाऱ्यांनी भागोजीला सांगितलं, तूच तुझ्या तोंडानं सांग. त्यानं सांगितलं. पोर बावीस वर्षांचं, छातीवर पदक, समोर सगळं गाव. एक शब्द गाळला नाही. वर म्हणाला, "साहेबाला सुचलं नव्हतं, मीच सुचवलं."

भिकू पहिल्या रांगेत बसला होता. बसल्या जागेवरून त्यानं विचारलं, "भात कापलं व्हतं का उभं?"

"उभं व्हतं."

"कोनाचं?"

"काय म्हाईत, बाबा. आसंल तिकडच्या कोना गरिबाचं."

"मंग खांड भरली कोनी?"

"आमी म्होरं गेलो."

भिकू उठला. ओरडला नाही, चिडला नाही. म्हणाला, "पोरानं देशाचं काम केलं, झ्याक झालं. पन उद्यापासनं ह्याचा हात जोलात धरू नका." आणि घरी गेला. मांडवातल्या जेवणावळीला काही तो थांबला नाही.

नियम बापानं लावलेला, मग मोडणार कोण? लोक तर हरखलेच होते, फौजीला सूट द्या म्हणत होते. पण भागोजीच बांधावर जाईना. पंधरा वर्षं नोकरी करून परत आला, अलिबागकडं एका कंपनीत वॉचमन लागला, तरी जोळाची हाक पडली की हा ओटीवर बसून राहायचा. बाप मेला. तरीही बसून राहायचा. घरातून जायची ती चंदाबाई, त्याची बायको. नऊवारी खोचून चिखलात उतरायची.

बायका तिला डिवचायच्या, "काय गो चंदे, सूरवीर घरात नि बायको खांडीत?"

ती म्हणायची, "तुमचं सूरवीर हितं येवून काय करतात गो? बिड्याच फुकतात ना?"

हसून सोडून द्यायची. पण घरी आल्यावर पाय चोळत बसायची तेव्हा भागोजी तिच्याकडं बघायचा नाही. हंडाभर पाणी तापवून ठेवायचा, बस. तेवढंच त्याच्या हातात. चाळीस वर्षं ती त्याच्या वाट्याचा चिखल उपसत राहिली. ती गेली तेव्हा सून कमळ उभी राहिली. कमळ अंगणवाडीत मदतनीस, नवरा सुजित न्हावा शेव्याला कंटेनरवर, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार.

मागच्या श्रावणात पुनवेच्या उधाणाला मोठी खांड गेली, भागोजीच्या शेतासमोरच. सरपंचांनी पोकलेन बोलावला. तो बांधावर चढला आणि निम्मा चिखलात रुतून बसला. आता आधी खांड भरायची का आधी मशीन काढायची, यावर तासभर वाद. शेवटी मोबाइलवर निरोप फिरला, घरटी एक माणूस. घरं होती, माणसं कुठं होती? पोरं कंपन्यांत, निम्म्या शेतांवर जमिनी घेणाऱ्या दलालांचे खांब. जमले ते म्हातारे नि बायका.

आणि कमळचा हात प्लास्टरमध्ये. घरासमोरच्या शेवाळावर घसरली होती. ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, आपल्याकडनं कोन न्हाय गेलं तर शेत बाहेर धरतील. मी एका हातानं देते ढेकलं."

भागोजी उठला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, दमा. काठी घेतली आणि बांधाकडं निघाला. पण बांधाच्या पायथ्याशी थांबला, वर चढला नाही. वर दिनानाथ होता, त्याचा चुलतभाऊ, जोळाचा मुकादम. वयानं त्याच्यापेक्षा दोन पावसाळे मोठा, तोंडानं चारचौघांइतका.

"फौजी, हितं काय करतोस? सलामी देनार काय पोकलेनला?"

"दिन्या, घरात मानूस न्हाय."

"दिसतंय. मंग ये की वर."

"माझा हात तुला म्हाईत हाय."

दिनानाथ खांडीकडं बघत होता. ओहोटी अर्धी सरली होती. त्यानं तोंडातली तंबाखू थुंकली. "भिकूतात्यानं मरताना मला सांगितलंय. पोराला घे जोलात म्हनून."

"बाबा मेला तवा तू मुंबईत व्हतास."

"व्हय?"

"मातीला पन आला न्हाईस. तिसऱ्या दिसाला आलास, शिली जिलेबी घेवून."

"मंग दुसऱ्या कोनाला सांगितलं आसंल."

"खोटं बोलतोस."

"व्हय, बोलतो," दिनानाथ म्हणाला. "तुला खरं पायजे? ज्यांनी तुला आडवला आसता ते सगले मेले. मी एकला उरलोय, आनि माझी कंबर गेलीय. भरती यायला किती येल हाय ते तूच बग."

"माझ्या हातचं टिकलं न्हाय तर?"

"न्हाईच टिकनार. मेल्या, ह्यो बांध आता कोनाच्याच हातचा टिकत न्हाय. तू ये. न्हाय तर घरी जा, पन खाली उभा ऱ्हावून माझं डोस्कं खावू नको."

भागोजीनं खाडीकडं बघितलं. मग काठी खाली टाकली आणि हात टेकत बांधावर चढला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, रांगेतल्या बायका नुसत्या जरा सरकल्या. मी त्याच्या अलीकडं होतो. मी दिलेलं ढेकूळ तो पोटाशी धरायचा, खोकायचा आणि पुढं द्यायचा. ढेकळं ओली, एकेक लहान पोराएवढं. थोड्या वेळानं दिनानाथनं त्याला खांडीच्या तोंडाशी बोलावलं, जिथं पेंढा आणि खुंट लावून झाले होते. भागोजी गुडघ्यांवर बसला आणि ढेकूळ लावलं. लावलं, थापलं, टाचेनं दाबलं, बापासारखं. हात विसरले नव्हते. मग दुसरं लावलं. भरती वर येईपर्यंत लावत राहिला. आम्ही सगळे थकून बसलो तेव्हाही तो थापतच होता, आणि दिनानाथ त्याला शिव्या घालत होता, "बस कर रे, बस कर, मरशील." भागोजीला धड श्वास पुरत नव्हता.

त्याच आठवड्यात ताप भरला. अलिबागच्या दवाखान्यात छातीत पाणी झालंय म्हणाले. आठवडाभर ठेवून घरी आणला, आणि एका दुपारी कमळ पेज भरवत असताना गेला. माजी सैनिकांची चार माणसं पुष्पचक्र घेऊन आली, तहसीलमधून एक साहेब आले. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. साहेब म्हणाले, देशाचा वीर शांतपणे निघून गेला. शांतपणे कसला? खोकून खोकून गेला. पण साहेबाला परत जायचं होतं, आणि मृताच्या दारात खरं-खोटं करत बसणारे आम्ही नव्हे.

भाद्रपदातल्या अवसेला खांड पुन्हा गेली. त्याच ठिकाणी नाही, थोडी अलीकडं. भागोजीच्या हातामुळं गेली का उधाणामुळं, असा विषयच निघाला नाही. पोकलेन तोवर निघाला होता, पण त्याचा ड्रायव्हर यायला तयार नव्हता.

दिनानाथ बांधावर उभा राहून घरांची नावं घेत होता. मोऱ्यांचं कोन? आलं. साळव्यांचं? आलं.

"ओव्हालांचं?"

कमळचं प्लास्टर आदल्या आठवड्यात निघालं होतं. हात अजून बारीक, पांढरट. तिनं पदर खोचला. "मी हाय, नाना."

"हात चालतोय का?"

"चालवते."

"मंग म्होरं ये. तोंडाशी. मागं उभं ऱ्हावाचं न्हाय तुमच्या घरानं." एवढं बोलून दिनानाथ खुंट ठोकायला वळला. ती चिखलात उतरली, आणि मी पहिलं ढेकूळ तिच्याकडं दिलं.