दिवेलागणीच्या आधी जेवणारं घर

"गाणं म्हण," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आंधळ्यांचा गळा गोड असतो."

माइक सुरू होता. सगळ्या सभागृहाने ऐकलं.

मल्लेश्वरममधला कार्यक्रम. डोळ्यांच्या संशोधनाला लोकांनी हातभार लावावा म्हणून एका समितीने भरवलेला. मी सव्वीस वर्षांची. मला गायला नव्हतं बोलावलं, बोलायला बोलावलं होतं. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या डोळे जातात त्या घरांनी पुढे यावं, रक्त तपासायला द्यावं, लपवू नये, एवढंच सांगायचं होतं. आठ दिवस खपून भाषण लिहिलं होतं. जाड स्केचपेनने, एका पानावर चार ओळी. कारण मला दिसायचं. अजून दिसतं, स्वल्प. बाजूचं सगळं गेलं, नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरलंय. अंधार पडला की तेही नाही.

पण बाईंनी पडद्यामागेच माझ्या नाकावर काळा चष्मा चढवला. "काढू नकोस हं. तू अशी टकामका बघायला लागलीस तर लोकांना दया कशी येणार?" मग माझ्या हातातली पानं काढून घेतली. बाई पुण्याच्या, नवऱ्याच्या बदलीने इथे आलेल्या. "तुम्हा बंगळूरकरांचं मराठी म्हणजे निम्मं कानडी. कशाला उगाच हसं करून घ्यायचं?"

आणि मी काय केलं? गायले. हो, गायले! माझा गळा म्हणजे फाटका भोंगा. तरी देवीच्या आरतीची दोन कडवी म्हटली. लोकांनी टाळ्या पिटल्या. एका बाईने डोळे पुसले. मला शाल मिळाली. ज्यांच्या संशोधनासाठी हे सगळं चाललं होतं त्या डॉक्टरीणबाई पहिल्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या. मला स्वतःच्याच तोंडावर थुंकावंसं वाटलं.

परतताना रिक्षात मामा होता. आईचा धाकटा भाऊ, आणि माझ्या अक्काचा नवराही तोच. आमच्याकडे मामाला भाची देतात, घरची पोर घरातच राहते. मामा म्हणाला, "बोलली नाहीस ते बरं केलंस. घरातलं घरात राहू दे." आणि रिक्षावाल्याच्या मागे लागला, "बेग होगप्पा, बेग!" अंधार पडायच्या आत जयनगरला पोचायचं होतं. जेवणाची पानं मांडलेली असणार.

आमच्या घरात दिवेलागणीच्या आधी जेवतात. कुळाचार आहे. दिवा लागल्यावर बायकांनी उंबरा ओलांडायचा नाही, देवी कोपते. मीही हे शेजारणींना मिरवून सांगायची.

त्या दिवशी माझ्यामुळे उशीर झाला. अक्काची सुमी, आठ वर्षांची, माझ्या शेजारी बसली. उजेड सरत आला होता, दिवा अजून लावला नव्हता. सुमी ताटातला भात बोटांनी चाचपत होती. मग पाण्यासाठी हात फिरवला. तांब्या लवंडला.

"धांदरट मेली," अक्का खेकसली.

मला तांब्याही नीट दिसत नव्हता. पण तो कसा लवंडला ते कळलं. तिच्याएवढी असताना मीही असेच तांबे लवंडले होते, आणि मलाही सगळे धांदरटच म्हणायचे.

कसला कुळाचार घेऊन बसलात! कुणा पणजीला संध्याकाळी दिसेनासं झालं, म्हणून जेवण अलीकडे ओढलं. देवीच्या नावावर खपवलं. बाहेर बोभाटा नको म्हणून मुली घरातच दिल्या. आणि डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं होतं की आईबाप दोघांकडून हा दोष आला की आजार उगवतो. म्हणजे जो आजार झाकायला मुली घरात ठेवल्या, तोच घरात पोसला! मी भाताच्या पानावर रडले. कुणी विचारलं नाही का ते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. सुमीचे डोळे वाचतील का, विचारलं. त्या म्हणाल्या, "आज औषध नाही. तुमच्यासारखं अख्खं घराणं तपासायला मिळालं तर शोध पुढे जाईल. ज्यांना दिसतं त्यांचंही रक्त हवं."

"किती वर्षं लागतील?"

"गोत्तिल्ला," त्या म्हणाल्या. माहीत नाही. निदान खोटं तरी बोलल्या नाहीत.

नवरात्रात अष्टमीला आमचं सगळं घराणं एकत्र जेवतं. देवनहळ्ळीचे चुलतेही येतात. मी डॉक्टरीणबाईंना नळ्या-सुयांसकट बोलावलं आणि पंगतीसमोर उभी राहिले. सांगितलं सगळं. पणजीचं, माझं, सुमीचं.

मामा ताडकन उठला. "आंधळी ती आंधळी, वर एवढी जीभ! उद्या सुमीला कोण करून घेईल?"

"तिला संध्याकाळी समोरचं ताट दिसत नाही, मामा. लग्नाचं काय घेऊन बसलास?"

लोक भरल्या पानांवरून उठले. हात धुतले, चपला शोधल्या. चुलते जाताना म्हणाले, देवीच्या दिवशी अवदसा आठवली. आई देवघरात जाऊन बसली ती बाहेरच आली नाही. मला वाटलं, झालं, संपलं. आता सुमीही माझ्यासारखी कुठल्यातरी स्टेजवर आरत्या म्हणणार.

मग अक्का पुढे आली. नवऱ्याकडे बघितलं नाही. बाही वर केली. "सरी, ठीक आहे, घ्या. आधी माझं, मग पोरीचं."

तीन नळ्या झाल्या. माझी धरून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन पुरत नाहीत.

त्याला वर्ष होत आलं. मामा माझ्याशी बोलत नाही. माझ्या नजरेची नळी रोज बारीक होतेय. स्केचपेनची अक्षरंही आता लागत नाहीत. मी सांगते आणि अक्का घराण्याची वंशावळ लिहिते. गेलेल्यांत कोण कोण संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नव्हतं, ते आठवून आठवून. जे जिवंत आहेत त्यांच्या दारात मी जाते. दिवसाउजेडी, सुमीचा हात धरून. हाकलतात. पुन्हा जाते. देवनहळ्ळीच्या एका काकूने परवा हात पुढे केला. चार झाल्या. आमच्या घरी आता दिवा आधी लागतो, मग पानं मांडतात.

काल अध्यक्षबाईंचा निरोप आला. यंदाही कार्यक्रम आहे, तेच गाणं म्हण, लोकांना फार आवडलं होतं.

मी कळवलंय, येते. चष्मा घालणार नाही. गाणार नाही. आणि बाई, या वेळी माझ्या हातात काढून घ्यायला पानं नसतील. सगळं पाठ आहे.