बोधीला आईच्या परेडला नेलं तेव्हा

माझ्या धाकट्या भावाचं नाव संघर्ष. बाबांनी मोठ्या हौसेनं ठेवलं, पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! या माणसानं जन्मात कोणाशी भांडण केलेलं नाही. छत्तीसगढातल्या बीरगावात आमचं घर, आणि जवळच्या उरल्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका रोलिंग मिलमध्ये तो क्रेन चालवतो. टनावारी लोखंड अलगद इकडून तिकडे नेणारा हा गडी घरात मांजरालासुद्धा "सरक" म्हणत नाही. मी चेतना, त्याची मोठी बहीण, सरकारी दवाखान्यात नर्स. घरातलं भांडायचं खातं माझ्याकडे.

त्याची बायको भावना निमलष्करी दलात शिपाई म्हणून निवडली गेली. पहिलं बोलावणं आलं तेव्हा बाळ पोटात होतं, म्हणून तारीख पुढे मिळाली. दुसरं आलं तेव्हा बाळ, म्हणजे आमची बोधी, साडेचार महिन्यांची होती. भावना म्हणाली, "मी नाही जात." तेव्हा कधी नव्हे तो आमचा संघर्ष आवाज चढवून बोलला, "काहून नाही जात? पोट्टीले मी पाहतो. तू जाय." त्यानं कायमची सकाळची पाळी मागून घेतली. तेवढा वेळ बोधी आमच्या आईकडे, बाकी सगळा वेळ बापाकडे. अख्ख्या पाऱ्यानं, म्हणजे आमच्या मोहल्ल्यानं, तोंडात बोटं घातली. शेजारचे भैया फाटकातून रोज चिडवायचे, "क्यों संघर्ष, दूध पिला दिया?" हा आपला प्रामाणिकपणे सांगायचा, "हव भैया, दो बार."

खरी अडचण पुढे आली. ट्रेनिंगच्या मध्ये भावना आठ दिवस सुट्टीवर घरी आली, तर बोधी तिला पाहून किंचाळायची. सात दिवस रडली, आठव्या दिवशी कशीबशी मांडीवर बसली, आणि नवव्या दिवशी आई गेली. जाताना भावनानं मला बाजूला घेतलं. "ताई, ट्रेनिंग संपतानाच्या परेडच्या दिवशी बोधी माह्याकडे नाही आली, तर मी त्याच दिवशी राजीनामा देते. पोटच्या पोरीले परकी होऊन मले वर्दी नाही पाहिजे." भावना उगाच बोलणाऱ्यातली नाही. मी संघर्षला सांगितलं.

मग त्यानं स्वतःच्या अकलेनं उपाय काढला. भावनाचा वर्दीतला फोटो मोठा करून आणला, फ्रेम केली आणि भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी लावून टाकला. आई कडाडली, "जित्या माणसाचा फोटो तिथं लावतेत का रे?" तो म्हणाला, "संध्याकाळी वंदनेले बोधी तिथंच तर पाहते ना, आई. पोट्टी रोज पाहीन तर ओळखीन." झालं. रोज संध्याकाळी त्रिसरण-पंचशील झालं की बोधी इवले हात जोडायची, बुद्धांना, बाबासाहेबांना आणि तिसऱ्या नंबरवर आईला. संघर्षला वाटलं, मोहीम फत्ते.

परेडचं पत्र आलं. आईचे गुडघे धरलेले, म्हणून सोबत मी निघाले. संघर्षनं गोल बाजारातून बोधीसाठी पिवळा फ्रॉक आणला, दोन मापं मोठा. "वाढते ना," म्हणाला. छत्तीसगढ एक्सप्रेसनं ग्वाल्हेर आणि तिथून पुढे बस. पोरीच्या सामानाच्या तीन पिशव्या, आणि चौथीत टॉवेलात गुंडाळलेली ती फ्रेम. मी कपाळावर हात मारला. "अरे, बायकोकडेच तर चाललो आपण, तिचा फोटो कायले?" तर म्हणे, "एक दिवसाचाही खंड नको पडाले."

गाडीत संध्याकाळ झाली. यानं खिडकीजवळच्या फळीवर फ्रेम उभी केली. बोधीनं हात जोडले, डोकं वाकवलं. समोरच्या सीटवर बसलेल्या बाई टक लावून पाहू लागल्या. वर्दीतली तरुण बाई, फ्रेम, हात जोडणारं लेकरू आणि बाटलीनं दूध पाजणारा बाप. त्यांनी पदरानं डोळे पुसले, बोधीच्या हातात सोललेलं संत्रं दिलं आणि संघर्षला म्हणाल्या, "भैया, हिम्मत रखो. देश के लिए गई है." हा सभ्य माणूस म्हणाला, "जी, रखता हूँ." तोवर डबाभर बातमी पसरली. एका काकांनी खालची सीट दिली, कोणी पुऱ्या दिल्या, कोणी "अमर रहे" असं पुटपुटलं. मी वरच्या बर्थवर चादरीत तोंड खुपसून हसत होते. शेवटी राहवेना, खाली उतरले आणि सांगितलं, "माँ जिंदा है! परसों परेड है उसकी, वही देखने जा रहे हैं." सगळा डबा असा हसला की बोधीसुद्धा टाळ्या पिटायला लागली. त्या बाईंनी संत्रं काही परत मागितलं नाही, उलट आणखी दोन दिली.

परेडच्या सकाळी मैदान बघून छाती भरून आली. बॅंड वाजला आणि शेकडो पोरी एका पावलानं चालत आल्या, तेव्हा माझ्या अंगावर काटा उभा राहिला. आमच्या वस्त्यांतल्या, खेड्यांतल्याच पोरी असतील या, पण काय ती चाल! संघर्ष दर तुकडीला बोधीला उंच धरायचा, "ते पाह्य, आई!" पुढची तुकडी आली की पुन्हा, "नाही नाही, ते पाह्य!" सगळ्यांची टोपी एक, केस कापलेले, चेहरे रापलेले. नवऱ्याला बायको ओळखू येईना, तिथं पोरीची काय कथा?

परेड संपली, घरच्यांना मैदानात सोडलं. भावना धावत आली आणि चार पावलांवर थांबली. टोपी हातात, छाती धपापत होती. बोधीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग शांतपणे दोन्ही हात जोडले, डोकं वाकवलं आणि बापाच्या मानेत तोंड लपवलं.

मला हसू फुटलं. भावनाही हसली, "मले काय तसबिरीतली करून टाकलं का तुम्ही?" पण तिचा चेहरा लगेच उतरला. तिनं हात पुढे केले तर बोधी किंचाळली. संघर्ष कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. "माहीच चूक झाली," एवढंच म्हणाला. भावना बुटांकडे पाहत बोलली, "मी मॅडमले भेटून येते. राजीनाम्याच्या अर्जाचं सांगते."

तेवढ्यात पुकारा झाला. सुट्टीच्या कागदावर सही करायला नातेवाइकांनी फाटकाजवळच्या तंबूत यावं. संघर्षनं बोधीला माझ्याकडे दिलं आणि पळाला. दोन दिवसांचा प्रवास, बॅंडचा दणका, झोपेची वेळ. बोधीनं जे भोकाड पसरलं! ती माझ्याकडेही राहीना. हात-पाय झाडत, लाल-निळी झाली. मी नर्स, शंभर लेकरं शांत केली असतील, पण ही हाती लागेना.

"इकडे आणा," भावना म्हणाली. तिनं तोंड समोर येऊच दिलं नाही, पोरीला सरळ खांद्यावर टाकलं आणि पाठीवर थोपटत चालू लागली. अंगाईगीत तिला आठवलं नसावं, किंवा आठवूनही जमलं नसावं. ती हळू आवाजात म्हणत होती, "बाएँ, दाएँ, बाएँ... बाएँ, दाएँ, बाएँ..." दहा महिने तोंडात बसलेला ताल तोच होता. शंभरेक पावलांत रडणं हुंदक्यांवर आलं, मग हुंदकेही थांबले. बोधी झोपली.

आणि भावना उभी राहिली. डोक्यावर ऊन, पायात जड बूट. मी म्हटलं, सावलीत बस. म्हणे, "पोट्टी उठून जाईल." मैत्रिणी फोटोसाठी आल्या, ती हलली नाही. त्यांना कवायत शिकवणाऱ्या उस्ताद मॅडम समोर आल्या. भावनाचा हात सॅल्यूटसाठी उचलला जात होता, तर मॅडमनीच बोटानं खूण केली, "हिलना मत," आणि पुढे गेल्या. पाऊण तास ती पोरगी लेकरू खांद्यावर घेऊन तशीच उभी होती. घाम हनुवटीवरून गळत होता आणि ती हसत होती.

संघर्ष कागद खिशात घालत परतला, आणि पाहतच राहिला. मी त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. त्याच्या पायांच्या आवाजानं की कशानं, बोधी जागी झाली. तिनं डोकं उचललं. अगदी जवळ, वीतभर अंतरावर भावनाचा चेहरा. भावनानं श्वास धरला. मीही धरला.

संघर्षनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले, "ये बाबा, ये."

बोधीनं त्याच्याकडे पाहिलं, भावनाकडे पाहिलं, मग भावनाच्या घामट मानेत नाक खुपसलं आणि मुठीत वर्दीची कॉलर घट्ट धरली.

भावना रडायला लागली, पण बिलकुल न हलता. "पोस्टिंग कुठं का भेटना," ती नवऱ्याला म्हणाली, "जाते मी. तुम्ही दोघं या मले भेटाले."

"हव," संघर्ष म्हणाला. त्याचेही डोळे वाहत होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा बोधी समोर असताना त्याचे दोन्ही हात रिकामे होते, आणि त्यांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. त्यानं ते खिशात घातले, बाहेर काढले, शर्टाला पुसले. आणि मग त्या भर मैदानात, परेड केव्हाच संपलेली असताना, तो एकटाच टाळ्या वाजवू लागला.