आपलं घर शेवटी

पोलादपूरहून कापड्याकडे जाताना चढावर एकवीस घरांची एक वाडी लागते. पीएचडीच्या कामासाठी मी तिथे अकरा महिने राहिले. माणसं एकमेकांना कशी धरून राहतात, असा काहीसा माझा विषय होता. त्याचं खरं नाव तीन ओळींचं होतं आणि ते वाडीत कुणाला सांगायची मला लाज वाटायची. मी महाडची, मास्तरांची मुलगी. म्हणजे एसटीने फार तर तासाभराच्या अंतरावरची, त्यामुळे इथलं सगळं आपल्याला ठाऊकच आहे असा माझा समज. तो पहिल्या आठवड्यात गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही आलंच नाही.

प्रश्न आपण विचारायचे आणि उत्तरं लोकांनी द्यायची, असं मला शिकवलं होतं. वाडीत उलटं चालायचं. लग्न का नाय केलंस? हे लिवायचा पगार कोन देतो? घरकुलाची यादी तुज्याकडं हाय का? यादी नाही म्हटलं की सगळे हसायचे. यादी आहे पण बाई सांगत नाही, असा त्या हसण्याचा अर्थ होता, हे कळायला मला दोन महिने लागले.

राहायला मी काकीकडे होते. काकी सत्तरीची, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती मुलगी लग्न होऊन दासगावला. वाडीच्या अगदी वरच्या टोकाला काकीचं कौलारू घर. शिमग्यात देवीची पालखी वाडीच्या मध्यावरच्या देवळातून निघाली की पहिल्यांदा काकीच्या अंगणात यायची, मग बाकीच्या घरी. हा मान तिच्या सासरचा. तो कुणी दिला, कधी दिला, म्हणून मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती वैतागली.

"कधीपासून ते मला काय ठाव? पालखी पयली माज्या दारात येते, म्हणून मी इथं हाय. नायतर मालक नाय, मुलगा नाय, भावकीत माजं काय हाय? एक दिवस सगला गाव माज्या दारात उभा ऱ्हातो. तेवढंच हाय गो."

हे मी वहीत उतरवलं आणि खाली दोन रेघा मारल्या. महत्त्वाचं सापडलं की मी रेघा मारत असे. त्या दोन रेघांचा मला आज राग येतो.

माझ्या मार्गदर्शक बाईंचा एक नियम होता: लोकांची नावं कुठेही लिहायची नाहीत. त्यांनी विश्वासाने सांगितलेलं उद्या त्यांनाच भोवू नये म्हणून. नावांऐवजी घरांना नंबर द्यायचे. नियम चांगलाच आहे, त्यावर मी अजूनही वाद घालणार नाही. नंबर द्यायला निघाले त्या सकाळी मी काकीच्या ओटीवरच उभी होते. तिथूनच सुरुवात करणं सोपं होतं. पण आपण राहतो ते घर आपलं, आणि आपलं पान शेवटी वाढून घ्यावं, हे माझ्या आईचं वळण. म्हणून मी मुद्दाम खाली डांबरी रस्त्यापर्यंत उतरले. तिथे मुंबईची नोकरी संपवून परत आलेल्या एका भाऊंनी नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. त्याला एक नंबर दिला आणि मोजत मोजत वर आले. काकीचं घर एकवीस. केवढ्या समाधानात होते मी त्या दिवशी!

मग दुसरा नियम. केलेलं काम लोकांना दाखवा, चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या. मी वाडीचा मोठा नकाशा काढला, प्रत्येक घरावर लाल शाईने नंबर घातला आणि देवळाच्या भिंतीवर लावला. ही गर्दी लोटली. मी डायरीत लिहिलं, 'लोकांचा उत्स्फूर्त सहभाग'. चूक मात्र कुणी सांगितली नाही. जो तो आपला नंबर शोधत होता. काकीही आली. शेजारच्या सुनेला तिने विचारलं, आमचा कितवा? एकवीस, सून म्हणाली. काकी तशीच मागे वळून घरी गेली. तिचे गुडघे दुखत असतील, असं मला वाटलं.

शिमग्याच्या आधी देवळात गावकीची बैठक बसली. पालखी कशी न्यायची हे तिथे ठरतं. भाऊ उठले.

"पालखी उचलायला आता पोरं ऱ्हायली नायत. पयली वर चढवा, मग खाली उतरवा, मग परत देवळापत्तूर वर. त्यापेक्षा ह्या नंबरानं नेली तर एकदाच चढ. आनि हे मी नाय बोलत. सर्व्हेत आलंय."

मी उभी राहिले. तो सर्व्हे नाही, त्या नंबरांना काही अर्थ नाही, असं सांगितलं. गावकीचे म्हातारे पुढारी फार अदबीने बोलत. ते म्हणाले, "मॅडम, अर्थ नाय तर लिवलंत कशाला?"

"नावं लपवायला."

"कोनापासून? कोनाचं घर कुठं ते इथं बारक्या पोराला पन ठाव हाय."

मग त्यांनी विचारलं, काकीला शेवटचा नंबर का? मी खरं ते सांगितलं. मी तिच्याकडे राहते, ते माझं घर, आणि आपलं पान शेवटी वाढायचं असतं. वाटलं, आता गैरसमज मिटेल. तर सगळ्यांच्या माना डोलल्या. "बरोबर हाय," पुढारी म्हणाले. "घरच्यानं मागंच ऱ्हावं." आणि ठरलंच. माझ्या खुलाशानेच ठरलं. बायकांमध्ये बसलेली काकी जमिनीकडे बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

फोनची रेंज रस्त्याच्या वळणावर मिळायची. तिथे जाऊन मी मार्गदर्शक बाईंना फोन केला. "हस्तक्षेप करू नका," त्या म्हणाल्या. "घडतंय ते नोंदवा." मी विचारलं, नकाशा लावला तो हस्तक्षेप, की आता काढला तर हस्तक्षेप? बाई म्हणाल्या, "हा प्रश्नही नोंदवा."

दुसऱ्या दिवशी मी नकाशा फाडून टाकला. तोवर त्याचा फोटो मुंबईला गेलेल्या वाडीकरांच्या मोबाइलांपर्यंत पोचला होता.

शिमग्याच्या दिवशी काकीने पहाटे उठून अंगण सारवलं, रांगोळी घातली, पाट मांडला, नारळ काढून ठेवला. खालून ढोल-सनईचा, खालूबाजाचा आवाज येत राहिला. मी वही घेऊन पालखीबरोबर असायला हवं होतं. काकीजवळही असायला हवं होतं. मी तीनदा खाली उतरले, तीनदा वर आले, आणि धड कुठेच नव्हते. तिसऱ्या खेपेला वही बाजूला टाकून तिच्यापाशी बसले.

"काकी, माझं चुकलं."

"तू मला घरची मानलीस," ती म्हणाली. "मग रागावू कशी? परकी मानली असतीस तर बरं झालं असतं गो."

दिवस मावळताना पालखी वर आली. उचलणारे दमले होते. बरीचशी मंडळी जेवायला घरी गेली होती. काकीच्या अंगणात पंधरा माणसं असतील. नारळ फुटला, गाऱ्हाणं झालं आणि पाच मिनिटांत पालखी देवळाकडे परतली. पुढच्या शिमग्यालाही ती नंबरानेच गेली, असं ऐकलं.

प्रबंध लिहिताना मी सगळे नंबर बदलले. काकीचं घर एक. इतकं तरी माझ्या हातात होतं. बांधलेली प्रत घेऊन मी वाडीत गेले, नकाशाचं पान उघडलं आणि तिचं बोट धरून त्या घरावर ठेवलं.

"हे बघ काकी. पहिला नंबर."

ती बराच वेळ त्या आकड्यावरून बोट फिरवत राहिली.

"हे गावाला दावलंस?"

"नाही. ते दाखवायचं नसतं. कुठलं घर कुणाचं हे कुणाला कळता कामा नये."

"मग हे माजं घर हाय ते कोनाला कलनार?"

"कुणालाच नाही," मी म्हणाले.

काकीने प्रबंध मिटला, पदराने पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "तुज्याकडंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू घरचीच ना."